मंडळाची कुंडी

काल्डर काउंटीच्या उपद्रवी तण नियंत्रण मंडळाच्या सभासदाला पगार नसतो, मानधन नसतं, आणि मान तर अजिबातच नसतो. एक हिरवी टोपी मिळते. ती घालून रस्त्यानं निघालं की लोक आपापल्या कुंपणाचं फाटक आतून लावून घेतात.

तीस वर्षं मी गावात औषधाचं दुकान चालवलं. म्हणजे ज्या लोकांचा रक्तदाब मला तोंडपाठ आहे, तेच लोक आता मला बघून पडद्याआड उभे राहतात. का, तर मी येऊन त्यांच्या कुरणात काय उगवलंय ते बघेन आणि कागदावर लिहून घेईन. बघतो मी, आणि लिहूनही घेतो. पण ते काही मी मजेखातर करत नाही.

मंडळावर पाच खुर्च्या आणि तीन माणसं. अध्यक्ष गॉर्डी स्टेनरूड. त्याच्याकडे दोनशे गाई आहेत आणि माणसांशीही तो गाईंशी बोलावं तसंच बोलतो, दोन्ही हात पसरून, हळूहळू कोपऱ्यात नेत. दुसरा एल्मर श्वाब. त्याला ऐकू येत नाही, त्यामुळे तो सगळ्याच ठरावांना अनुमोदन देतो. तिसरा मी, मर्ल हॉगस्टॅड. याशिवाय कचेरी सांभाळायला रोंडा आहे. मंडळाची एकुलती एक पगारी नोकर आणि कायद्याचं पुस्तक खरोखर वाचलेली एकुलती एक व्यक्ती. आमच्या बैठका रस्ते विभागाच्या गॅरेजमागच्या खोलीत होतात. बर्फ काढायच्या यंत्राचा वास आणि रोंडाची कॉफी यातलं काय कमी कडू असतं, हे अजून ठरलेलं नाही.

जून महिन्यातल्या बैठकीत विषय निघाला तो ऑगस्टच्या जत्रेतल्या आमच्या स्टॉलचा. दरवर्षी आम्ही पुठ्ठ्यावर तणांचे फोटो चिकटवतो. लोक येतात, फुकटचं पेन उचलतात आणि डुकरांची शर्यत बघायला जातात. गॉर्डीचं म्हणणं पडलं की फोटोला कोणी भीत नाही. खरं, जिवंत तण समोर ठेवलं तर लोकांना आपल्या दारातलं ओळखता येईल. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हात पसरले. मी म्हणालो, एक कुंडी ना, आणतो मी, त्यात काय मोठंसं. एल्मरनं अनुमोदन दिलं.

तण कुठलं, ते ठरवायला वेळ लागला नाही. आमच्याकडे लोणी-अंडी म्हणून एक फूल आहे. फिकट पिवळ्या पाकळ्या आणि मध्ये अंड्याच्या बलकासारखा केशरी ठिपका. दिसायला इतकं गोजिरवाणं की कोणाच्या तरी पणजीनं ते हौसेनं परसात लावलं आणि तिथून ते अख्ख्या काउंटीत पसरलं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. उपटावं तर मुळाचा बोटभर तुकडा मागे राहतो आणि त्याचीच वीस झाडं होतात. एकट्या गॉर्डीचं चाळीस एकर कुरण त्यानं खाल्लं आहे. तेव्हा लोणी-अंडी.

दुसऱ्या दिवशी मी फावडं घेऊन निघालो, तर रोंडाचा फोन आला. उपद्रवी तण खणणं, बाळगणं, वाहून नेणं आणि लोकांपुढे मांडणं हे चारही गुन्हे आहेत, असं तिनं मला शांतपणे सांगितलं. मी म्हणालो, अगं, पण मी तर मंडळाचा माणूस. ती म्हणाली, म्हणूनच आधी सांगितलं, इतरांना नंतर सांगते.

मग अर्ज आला. चार पानी. 'लागवडीचा उद्देश' या रकान्यात मी 'लोकशिक्षण' लिहिलं. 'अपेक्षित उत्पन्न' या रकान्यात 'शून्य' लिहिलं. राज्याच्या कचेरीतून अर्ज परत आला: उत्पन्न शून्य असल्यास लागवडीचं प्रयोजन स्पष्ट करावं. मी 'एक झाड' असं लिहून पाठवलं, तेव्हा त्यांचं समाधान झालं. पण शेवटच्या पानावर स्थानिक मंडळाची मंजुरी हवी होती, आणि स्वतःच्या अर्जावर मला मत देता येणार नव्हतं. नियमाप्रमाणे मी खोलीबाहेर जायला हवं. मी बाहेर गेलो तर आत उरले दोघे, आणि कोरम तिघांचा. मी आत आलो की माझा हितसंबंध आडवा यायचा. बाहेर गेलो की कोरम मोडायचा. अर्धा तास मी दारातून आत-बाहेर करत होतो. शेवटी रोंडानं पुस्तक मिटलं आणि मला उंबऱ्यावर उभं केलं. एक पाय आत, कोरमसाठी. एक पाय बाहेर, सचोटीसाठी. अशा अवस्थेत माझा अर्ज मंजूर झाला. सदुसष्टाव्या वर्षी माणसानं काय काय करावं याला काही सुमार आहे की नाही, हे मला त्या वेळी कोणीतरी सांगायला हवं होतं.

परवान्यासोबत अटी होत्या. झाड हलवताना जाळीनं झाकावं. बोंडं धरू देऊ नयेत, दिसताच कापावीत. जत्रा संपताच मंडळासमक्ष जाळून टाकावं.

जाळण्याची वेळ येईल असं मात्र मला वाटेना, कारण झाड जगेनाच. रस्त्याकडेच्या खडीत, टळटळीत उन्हात, ट्रकच्या धुरात जे झाड कंबरभर वाढतं, तेच मी घरी आणलं, उत्तम माती दिली, सावलीत ठेवलं, आणि चौथ्या दिवशी त्यानं मान टाकली. मी दुसरं आणलं. ते तिसऱ्या दिवशी गेलं. तिसऱ्याला मी ड्रॉपरनं मोजून पाणी दिलं आणि भिंतीवर तक्ता लावला, सकाळी किती थेंब, संध्याकाळी किती. तेही गेलं, आणि चौथंही. ज्या तणाचा नायनाट करायला आमचं मंडळ बारा वर्षं झटतंय, त्याला मारायचा हमखास उपाय माझ्या हाती लागला होता: मी त्याची काळजी घ्यायची.

माझी बायको व्हर्ना स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं बघत असे. ती फक्त एकदाच बोलली. म्हणाली, "मागच्या वर्षी मी पाच आठवडे बहिणीकडे होते. माझ्या जिरेनियमला घोटभर पाणी घालायला तुला वेळ झाला नव्हता." यावर मी तक्त्यात नोंद करायला बाहेर गेलो.

गावात गोष्ट लपत नाही. पलीकडच्या रस्त्यावरचा लायल, गव्हाचा शेतकरी, मुद्दाम गाडी थांबवून सल्ला द्यायला आला. त्यानं सांगितलं, तुमच्या मंडळाचंच औषध मार त्याच्यावर. मी दरवर्षी मारतो, आणि दरवर्षी दुप्पट येतं. हे तो हसत म्हणाला असता तर मला कमी लागलं असतं.

कामाचा सल्ला मिळाला तो कुंपणापलीकडून. शेजारी मिसेस लिंडक्विस्ट राहतात. वय चौऱ्याऐंशी. त्यांनी अख्ख्या गावाला तिसरीत शिकवलं, गॉर्डीला दोनदा. आम्ही सगळे त्यांना अजून बाईच म्हणतो. त्यांचे बेगोनिया गेली अकरा वर्षं जत्रेत पहिले येत होते. बाईंनी मोतीबिंदूच्या डोळ्यांनी माझ्या कुंडीकडे लांबून बघितलं आणि ते काय आहे असं विचारलं. तण मंडळाचा सभासद परसात तण जोपासतोय, हे सांगायची मला लाज वाटली. मी म्हटलं, मंडळाचं काम आहे, जरा गोपनीय आहे.

"गोपनीय असो नाहीतर काही असो," बाई म्हणाल्या, "तू त्याचे लाड करतोयस. त्याला वाईट माती दे, उन्हात ठेव आणि त्याच्याकडे पाठ फिरव. तिसरीतली निम्मी मुलं अशीच वाढली."

मी रस्त्यावरची खडी आणून कुंडीत भरली, पाचवं झाड त्यात खोचलं आणि ते गॅरेजच्या तापलेल्या भिंतीशी ठेवून दिलं. आठवड्यात त्याला नवे कोंब आले. महिन्यात ते असं फुललं की काही विचारू नका. अटीप्रमाणे मी रोज सकाळी नखं कापायच्या कात्रीनं बोंडं काढून टाकत होतो. बी धरायला मिळेना, म्हणून ते बिचारं इरेला पेटून आणखी फुलत होतं. नऊ तुरे, सगळे सारख्या उंचीचे, खालपासून वरपर्यंत भरलेले. मी कोणाला बोललो नाही, पण संध्याकाळी खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसायला लागलो होतो.

जत्रेच्या पहिल्या दिवशी सकाळी मी कुंडी गाडीतून नेली. जाळी म्हणून व्हर्नानं मुलीच्या लग्नातल्या घुंघटाचं उरलेलं कापड दिलं होतं. त्यामुळे नोंद करायला प्रदर्शनाच्या मंडपात मी नवरीला घेऊन आल्यासारखा शिरलो. तिथल्या टेबलावरच्या स्वयंसेविकेनं कापड काढलं, एक चिठ्ठी पुढे केली आणि नाव लिहायला सांगितलं. मी झाडाचं नाव लिहिलं, शास्त्रीय, लॅटिनमध्ये, दुकानात लिहीत असे तशा अक्षरात. तेवढ्यात रोंडानं निरोप पाठवला की स्टॉलच्या तंबूची एक बाजू पडली आहे. मी कुंडी तिथेच ठेवून धावलो. 'हे झाड घरी नेऊ नका' ही मोठी पाटी अजून रोंडाकडेच होती, रंग वाळत.

तंबू उभा करण्यात दोन तास गेले. परत आलो तर टेबलावर कुंडी नव्हती. स्वयंसेविका म्हणाली, ती तर केव्हाच फुलांच्या दालनात लावली. मी दालनात गेलो. दाराशीच गर्दी होती. गर्दीच्या मध्ये, उंच चौथऱ्यावर, माझं लोणी-अंडी उभं होतं. त्याला पहिल्या क्रमांकाची निळी फीत लावलेली होती. निळ्या फितीशेजारी, हाताएवढी मोठी, चुणीदार, सोनेरी अक्षरांची जांभळी फीत. जत्रेतलं सर्वोत्तम फूल.

फुलांच्या नेहमीच्या परीक्षकांना मूतखड्याचा त्रास सुरू झाला होता, म्हणून ऐनवेळी लोणची-मुरंब्याच्या परीक्षक बाईंना उभं केलं होतं. त्यांनी कार्डावर लिहिलं होतं: 'रंग तेजस्वी. छाटणी अतिशय काटेकोर. वाण दुर्मिळ.'

आता मला जे सांगायचं आहे ते माझ्या प्रतिष्ठेला शोभणारं नाही, पण घडलं ते घडलं. मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण आयुष्यात मला कधी कशाचं बक्षीस मिळालेलं नव्हतं. लोक वळले, कोणीतरी म्हणालं, हा बघा, ह्याचंच आहे, आणि ज्यांनी वर्षभर मला बघून फाटकं लावली होती ते हात पुढे करून आले. लायलनं पाठ थोपटली. एकीनं विचारलं, खत कुठलं घालता. मी म्हणालो, खत नाही, शिस्त. असं मी खरंच म्हणालो. गावच्या वर्तमानपत्राची फोटोवाली आली, तिनं मला कुंडीशेजारी उभं केलं आणि जरा डावीकडे सरकायला सांगितलं. मी सरकलो.

त्या वेळी बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्याचं मला कळलं नाही. त्यांच्या बेगोनियाला लाल फीत होती, दुसऱ्या क्रमांकाची. आणि ह्या खेपेला त्यांनी माझं झाड वीतभर अंतरावरून बघितलं होतं.

"मर्ल," त्या अगदी हळू म्हणाल्या, "ह्याला काय म्हणतात ते तुला माहीत आहे आणि मलाही माहीत आहे. तू सांगतोस, की मी सांगू?"

"बाई," मी म्हणालो, "फोटो होऊ द्या ना."

त्यांनी फक्त कुंडीकडे बोट दाखवलं. मी बघितलं. नऊ तुऱ्यांपैकी पाचच उरले होते. माझी पाठ वळली असताना लोकांनी आठवण म्हणून फांद्या मोडून नेल्या होत्या. एकीनं तर मला समक्ष सांगितलं की मुळाचाही एक तुकडा घेतलाय, रागवू नका हं, ओल्या रुमालात ठेवलाय. बारा वर्षांत आम्ही जे इंचाइंचानं मागे हटवलं, ते मी सकाळच्या दोन तासांत चार नव्या बागांकडे रवाना केलं होतं. मला गॉर्डीचं चाळीस एकर दिसायला लागलं.

मी तडक भोंग्याच्या खोलीत गेलो. तिथला माणूस हरवलेल्या चष्म्याची घोषणा करत होता, त्याच्या हातातून मी माईक घेतला. माझं नाव सांगितलं. तण मंडळाचा सभासद आहे, हे सांगितलं. फुलांच्या दालनातलं सर्वोत्तम फूल हे कायद्यानं उपद्रवी ठरलेलं तण आहे, मीच ते वाढवलं, मीच बक्षीस घेतलं आणि पाव तास गप्प बसलो, हेही सांगितलं. ज्यांनी ज्यांनी त्याचा कुठलाही भाग नेला असेल त्यांनी तो कृपा करून मंडळाच्या स्टॉलवर परत आणावा. बोलून झालं तेव्हा डुकरांच्या शर्यतीच्या बाजूनं हसण्याची एक लाट आली आणि ती बराच वेळ ओसरली नाही. भोंगा जत्रेच्या पार टोकापर्यंत ऐकू जातो, हे मला नंतर समजलं. एल्मरनंसुद्धा ऐकलं होतं. तो स्टॉलवर भेटला आणि त्यानं अनुमोदन दिलं.

चारही फांद्या तासाभरात परत आल्या. ओला रुमालही आला. गॉर्डीनं रागवावं म्हणून मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो, पण तो स्टॉलपुढच्या रांगेकडे बघत होता. आमच्या स्टॉलपुढे रांग. लोक झाड बघायला आले होते, आणि थोडे मलाही. प्रत्येकजण ते जवळून निरखून बघत होता आणि निम्म्यांच्या तोंडून तेच वाक्य निघत होतं: अरेच्चा, हे तर आमच्या विहिरीपाशी आहे.

दुसऱ्या दिवशी कहर झाला. लोक पिशव्या घेऊन आले. बाजाराच्या पिशव्या, धान्याची पोती, एकजण तर घोड्याचा ट्रेलर भरून. हेच ना ते, म्हणून विचारत होते. तेच होतं. आणि खणणं, बाळगणं, वाहून नेणं, लोकांपुढे मांडणं हे चारही गुन्हे प्रत्येकानं आनंदानं केलेले होते. रोंडा टेबलाशी बसली, तिनं अर्जांचा गठ्ठा काढला, रांगेकडे बघितलं आणि गठ्ठा परत खणात ठेवला. तिला मी नियम मोडताना त्या एकाच वेळी बघितलं. लायलनं पाच पोती आणली. त्यातल्या दोन पोत्यांतलं तण खरं म्हणजे अल्फाल्फा नावाचा गुरांचा चारा होता, पण मी त्याला काही बोललो नाही.

राहिला प्रश्न बक्षिसाचा. मी जत्रेच्या कमिटीकडे जाऊन फीत परत घ्या म्हणालो. त्यांनी नियम काढून दाखवला: परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. मुरंब्याच्या परीक्षक बाईंना कोणीतरी विचारलंही. त्या म्हणाल्या, तण असेल, पण छाटणी काटेकोर होती ती होतीच.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी रस्ते विभागाच्या गॅरेजमागे, लोखंडी पिंपात, आम्ही ते जाळलं. अटीप्रमाणे मंडळ हजर होतं. मुळांवर खडी चिकटलेली होती, ती मी हातानं झाडून काढली, का ते विचारू नका. गॉर्डीनं टोपी काढली. मला वाटलं थट्टा करतोय, पण बराच वेळ त्यानं ती परत घातली नाही. ज्यानं त्याचं कुरण खाल्लं त्याच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी, हे मला कळत होतं. धूर जरा डोळ्यांत गेला.

तिथून मी सरळ बाईंकडे गेलो. जांभळी फीत खिशात होती. मी ती त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो की ही हक्कानं तुमची आहे, बेगोनियाची आहे. त्यांनी ती उचलून डोळ्यांजवळ नेली, चुण्या नीट केल्या आणि माझ्या हातात परत दिली.

"माझ्याकडे अकरा आहेत," बाई म्हणाल्या. "तुझी पहिलीच. ठेव. तू खरं बोललास तेही सगळ्या जत्रेनं ऐकलंय, फक्त जरा उशिरा बोललास. तिसरीतही तुझं असंच होतं." मग त्यांनी माझ्यापुढे कॉफी ठेवली आणि सांगितलं, "पण पुढच्या वर्षी काहीतरी कायदेशीर लाव."

व्हर्नानं ती फीत बैठकीच्या खोलीत लावायला साफ नकार दिला. म्हणून ती गॅरेजात आहे, गवत कापायच्या यंत्राच्या बरोबर वर. मी काही ती कोणाला दाखवत सुटत नाही. पण अलीकडे आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना आधी ते यंत्र बघायला घेऊन जातो. यंत्र तसं चांगलं आहे.